सुट्टी लागण्याआधी घरी काय आणावं: ठाण्याच्या बाजारातल्या अभ्याससाहित्याची पारख

पहिली ते चौथीच्या मुलांसाठी अभ्याससाहित्य घ्यायचं असेल तर दुकानात उभं राहून एक गोष्ट आधी बघावी: मूल चुकलं तर चूक त्याची त्यालाच दिसते का? मण्यांच्या माळेवर ४७ दाखवताना एक मणी जास्त सरकला, तर त्या रंगाचे तीनऐवजी दोनच मणी मागे उरतात आणि मुलाच्या लक्षात येतं. स्टिकरच्या वहीत किंवा रंगवायच्या चित्रात असं काही घडत नाही. तिथे चूक दाखवायला मोठं माणूस शेजारी बसावं लागतं, आणि ठाण्या-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत सुट्टीत मूल आजी-आजोबांकडे किंवा पाळणाघरात असतं आणि आईबाबा लोकलमध्ये. म्हणून एप्रिलमध्ये दुकानांत मांडलं जाणारं साहित्य आम्ही याच एका कसोटीवर पारखलं आहे.

खरेदी एप्रिलमध्येच करावी. राज्य मंडळाच्या शाळांचा निकाल साधारण १ मेच्या सुमारास हातात येतो आणि आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. निकालानंतर साहित्य आणलं की पहिले काही दिवस नुसती खोकी उघडण्यात आणि तुकडे हरवण्यात जातात. शाळा चालू असतानाच एका आठवड्यात एकच वस्तू काढा आणि रोज वीस मिनिटं तीच वापरा. सुट्टी लागेपर्यंत मुलाला तिचे नियम पाठ झालेले असले तर पुढे ती वस्तू मूल स्वतःहून काढतं.

सराव पुस्तिका सगळ्यात जास्त विकल्या जातात आणि कसोटीला सगळ्यात कमी उतरतात. मराठी अक्षरांच्या पुस्तिकांत एक दोष पुष्कळदा सापडतो: पुस्तिका मुळात हिंदीसाठी केलेली असते आणि चित्रांखालचे शब्द तेवढे बदललेले असतात. त्यामुळे ळ आहे का बघा. ॲ आणि ऑ आहेत का बघा. मग ल आणि श यांचं वळण बघा. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरलेले आहेत आणि बालभारतीच्या पुस्तकांत तीच वळणं असतात. पुस्तिकेतला ल दंडाचा, म्हणजे उजवीकडे उभी रेघ असलेला, असेल तर पहिलीतलं मूल शाळेत एक आणि घरी दुसरं अक्षर गिरवत बसतं. ५, ८ आणि ९ या अंकांच्या वळणांकडेही तसंच लक्ष द्यावं लागतं. अक्षर कुठून सुरू करायचं हे दाखवणारे बाण नसतील तर ती पुस्तिका परत ठेवा, कारण ठिपके जोडून अक्षर दिसायला बरोबर येतं पण हात उलटा फिरलेला असतो आणि पुढे लिहिण्याचा वेग वाढत नाही. तिसरीच्या मुलाला ठिपके गिरवायला देऊच नयेत.

गणिताच्या पुस्तिकांत एका पानावर हातच्याच्या वीस बेरजा असतात. तीन सोडवल्या की मूल विचार थांबवतं आणि हातचा आपोआप मांडत जातं. पुढच्या पानावर बिनहातच्याची बेरीज आली की तिथेही एक मांडतं. त्यामुळे बेरीज, वजाबाकी आणि शाब्दिक उदाहरणं मिसळलेली पुस्तिकाच घ्यावी. उत्तरं शेवटी असावीत आणि ती पानं मुलाच्या हातात द्यावीत, लपवू नयेत. याहून साधा उपाय म्हणजे बालभारतीची पुस्तकं. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती पीडीएफमध्ये मोफत मिळतात. पुढच्या इयत्तेचं पुस्तक आत्ताच काढायची घाई नको. याच वर्षाच्या पुस्तकातली कच्ची राहिलेली चार-पाच प्रकरणं छापून घ्या. मोजपट्टी किंवा रेषाखंड असलेलं पान छापताना झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद ठेवायला सांगा. नाहीतर ५ सेंमीची रेघ कागदावर आखूड येते आणि मूल बरोबर मोजूनही चुकीचं ठरतं.

आता ज्यावर खरोखर पैसे घालावेत त्याकडे येऊ. शंभर मण्यांची माळ हे दुसरीपर्यंतच्या गणिताचं सगळ्यात उपयोगी साहित्य आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. तयार माळ घेताना तीन गोष्टी तपासा. मणी १० मिमी किंवा त्याहून मोठे असावेत, ६ मिमीचे मणी बोटांखाली एकदम दोन-दोन सरकतात. रंग दोनच असावेत, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल असे. दर दहाला वेगळा रंग असलेली माळ दिसायला छान असते, पण मूल ‘हिरव्यापर्यंत म्हणजे चाळीस’ असं रंग पाठ करतं, दहाचे गट मोजत नाही. तिसरं म्हणजे दोरीत मोकळी जागा हवी. मणी एका टोकाला गोळा केल्यावर किमान १५ सेंमी दोरी रिकामी राहिली नाही तर मणी वेगळे करून दाखवताच येत नाहीत. दुकानातच मणी मोजून घ्या. तयार माळांत ९९ किंवा १०१ मणी निघू शकतात. घरी करायची तर जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा ठाणे स्टेशन परिसरातल्या मण्यांच्या दुकानांत दोन रंगांचे ५०-५० मणी आणि मण्याच्या भोकात घट्टसर बसणारी सव्वा मीटर नायलॉन दोरी घ्या. शंभर मणी एक मीटर जागा घेतात, उरलेल्यात गाठी आणि सरकायला जागा होते. दोरी भोकापेक्षा फार बारीक असेल तर माळ उभी धरताच सगळे मणी खाली घसरतात. टोकं मेणबत्तीवर मोठ्यांनी वितळवून बंद करावीत.

माळेनंतर काड्या. आईस्क्रीमच्या शंभर काड्या आणि दहा रबरबँड, एवढंच. दुकानदार याऐवजी प्लॅस्टिकचे दशकदांडे, म्हणजे दहाचे अखंड दांडे, दाखवेल. तिसरी-चौथीला ते चांगले आहेत, कारण जागा कमी लागते आणि शतकाची पाटी सोबत येते. पण पहिली-दुसरीला काड्यांचा गठ्ठाच घ्या. ५२ मधून २७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत, मग पाचपैकी एक दशक सोडवावा लागतो. गठ्ठ्याचं रबर काढलं की दहा सुट्या काड्या डोळ्यांसमोर मोकळ्या होतात: चार गठ्ठे आणि बारा सुट्या. आता सात काढले की पाच उरतात, दोन गठ्ठे काढले की दोन, उत्तर २५. दांडा मोडता येत नाही, तो बदलून दहा सुटे आणावे लागतात, आणि ‘बदलणं’ म्हणजे ‘सोडवणं’ हे सात वर्षांच्या मुलाला पटायला वेळ लागतो. वजाबाकीत हातचा विसरणाऱ्या मुलाला आठवडाभर लिहायला न लावता फक्त काड्यांवर उदाहरणं करू द्यावीत.

संख्याकार्डांबद्दल थोडं सविस्तर, कारण बाजारातले संच बहुतेक निरुपयोगी आहेत. ० ते ९ अंकांची सुटी कार्डं विकली जातात, त्यांचा स्थानिक किंमत शिकायला उपयोग होत नाही. हवी असतात एकमेकांवर ठेवता येणारी कार्डं: १ ते ९, १० ते ९०, १०० ते ९००, अशी २७. ३०० वर ४० आणि त्यावर ६, उजवी कड जुळवून ठेवली की ३४६ दिसतं, आणि कार्डं उचलली की आतले ३००, ४० आणि ६ वेगळे होतात. मराठी माध्यमाच्या मुलांना याची गरज जास्त आहे. बेचाळीस म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि लिहिताना चार आधी लिहायचे असतात, म्हणून दुसरीतली मुलं ४२ च्या जागी २४ लिहितात. एकोणचाळीस ऐकून तर हात चारवरच जातो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘चाळीस दोन’ अशा धर्तीचं वाचन दिलं ते याच अडचणीमुळे. त्यावर तेव्हा बराच वाद झाला, पण अडचण खरी आहे. कार्डांवर मूल ४० आधी ठेवतं, मग २, आणि तोंडाने बेचाळीस म्हणतं. दोन आठवड्यांत फरक दिसू लागतो.

ही कार्डं घरीच करा, जाड कार्डशीटच्या दोन ए-फोर पानांत सगळी २७ बसतात. दर अंकाला ४ सेंमी रुंदी आणि कार्डाची उंची ५ सेंमी धरा, म्हणजे एककाचं कार्ड ४, दशकाचं ८ आणि शतकाचं १२ सेंमी रुंद होईल. पान आडवं धरून पहिल्या पानावर शतकाची आठ कार्डं आखा, बाजूला उरलेल्या पट्टीत एककाची चार. दुसऱ्या पानावर दशकाची नऊ कार्डं तीन ओळींत, चौथ्या ओळीत ९०० चं कार्ड आणि एककाचं एक, बाजूच्या पट्टीत उरलेली चार. प्रत्येक अंक आपल्या ४ सेंमीच्या चौकटीच्या बरोबर मध्ये हवा. इथेच काम बिघडतं: ३०० मधले अंक जवळजवळ लिहिले तर वर ठेवलेल्या ४० खालून अर्धं शून्य डोकावतं. लॅमिनेशन करू नका, कार्डं एकमेकांवरून घसरतात. सेमी-इंग्रजी शाळा असेल तर शाळेतल्या गणिताच्या पुस्तकात जे अंक आहेत तेच कार्डांवर लिहा.

घड्याळ विकत घेऊच नका. खेळण्यातल्या बहुतेक घड्याळांचे काटे सुटे फिरतात, मूल साडेतीन दाखवताना तासकाटा तीनवरच ठेवतं आणि चूक कुणालाच कळत नाही. भिंतीवरचं जुनं काट्यांचं घड्याळ काढा, सेल काढून टाका आणि मागची किल्ली फिरवू द्या. दोन्ही काटे एकत्र चालतात आणि साडेतीनला तासकाटा तीन-चारच्या मध्ये आपसूक जातो. कडेने ५, १०, १५ च्या चिठ्ठ्या लावा.

खेळातल्या नोटा उपयोगी, पण संच बघून घ्यावा. दोन हजाराची नोट चलनातून काढून घ्यायचा निर्णय मे २०२३ मध्ये झाला, तरी अनेक संचांत ती असते आणि दोनशेची नसते. नाणी पुठ्ठ्याची असली तरी चालतील. सुट्टे परत करताना वजाबाकी न मांडता पुढे मोजायला शिकवा: ६३ रुपयांची वस्तू, दिले शंभर, दोन मिळून ६५, पाच मिळून ७०, तीस मिळून १००, म्हणजे परत ३७. भाजीवाला हिशेब असाच करतो. पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम हे संध्याकाळी बाजारात मुलालाच मागायला लावा.

टँग्राम, म्हणजे सात तुकड्यांत कापलेला चौरस, घेताना सातही तुकडे दोन्ही बाजूंनी एकाच रंगाचे आहेत का पाहा. समांतरभुज चौकोन उलटा करावा लागतो, त्याच्या एकाच बाजूला रंग असेल तर काही आकृत्यांत मूल अडतं. लहान त्रिकोण दोन जोडले की ते चौरसावर, समांतरभुज चौकोनावर आणि मधल्या त्रिकोणावर तंतोतंत बसले पाहिजेत. नाही बसले तर कटाई चुकली आहे. चौथीला अपूर्णांकासाठी हेच तुकडे: मोठा त्रिकोण पूर्ण चौरसाचा एक चतुर्थांश, लहान एक सोळांश.

एप्रिलमध्ये दिसणाऱ्या मोठ्या ‘ॲक्टिव्हिटी बॉक्स’बद्दल विचारणा फार असते. खोक्यावरच्या यादीतल्या किती गोष्टी दुसऱ्यांदा वापरता येतील ते मोजा. स्टिकर, एकदाच भरायची रंगवही, वाळून जाणारी माती वगळल्यावर निम्म्याहून कमी उरलं तर घेऊ नका. वय ‘५ ते १०’ लिहिलेलं असेल तरीही नको. पाच वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलाला एकच काम सारखं जमत नाही, म्हणजे ते एकाला कंटाळवाणं आणि दुसऱ्याला अशक्य. विज्ञानाच्या खोक्यांत चुंबक, भिंग आणि दोऱ्या सोडल्या तर टिकाऊ काही नसतं, आणि चांगलं भिंग सुटंही मिळतं. टाकाऊ वस्तूंतून करायची खेळणी हवी असतील तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीतही पुस्तकं मोफत आहेत. प्रत्येक खेळण्याला लागणाऱ्या वस्तू घरातल्याच.

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी आमची पहिली पसंती कुठल्याही खोक्याला नाही, ती सावलीच्या काठीला आहे. हा प्रयोग आपल्याकडे एप्रिल-मेमध्येच नीट होतो. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे विषुववृत्त आणि कर्कवृत्ताच्या मध्ये, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा मेच्या मध्यावर, १६ मेच्या आसपास, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत ढग काही दिसू देत नाहीत. ३० सेंमीची सरळ काठी मातीने भरलेल्या डब्यात घट्ट रोवा. शेजारी दोऱ्याला नट बांधून ओळंबा धरा आणि काठी दोन्ही बाजूंनी उभी आहे का तपासा. हे टाळलं तर सगळं फसतं: काठी दोन अंश जरी कलली तरी सावलीत एक सेंमीचा फरक पडतो. डबा गच्चीवर सपाट जागी, खाली पांढरा कागद. दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास सावलीचं टोक खुणेने मांडा आणि मोजा. एप्रिलच्या मध्यावर सावली साधारण ५ सेंमी येते, १ मेला दोन सेंमीच्या थोडी वर, आणि मेच्या मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. आठवड्यातून एकदा मोजलं की पुरे. आकडे वहीत तारखेपुढे लिहा, नंतर त्यांचाच स्तंभालेख काढा. १२ ला मोजलं तर सावली जास्त लांब येते आणि तिरकी पडते. आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या बारानंतर अर्ध्या तासाहून थोड्या उशिरा मध्यावर येतो, कारण भारतीय प्रमाणवेळ पूर्वेकडच्या ८२.५ अंश रेखावृत्तावरून ठरते. गच्चीवर पाच मिनिटांहून जास्त थांबायचं नाही, डोक्यावर टोपी, पायात चप्पल, आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही हे रोज सांगायचं.

वाचनासाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आधी बघा. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे अंक संकेतस्थळावर मोफत आहेत, तिसरी-चौथीला उत्तम. त्याहून लहानांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पान उघडून मुलाला वाचू द्या. पाचाहून जास्त शब्दांवर अडखळलं तर एक पातळी खाली या. मोबाइलवर वाचायला देण्यापेक्षा छापून द्या, कारण मोबाइलवर मूल चित्र बघून पुढे सरकवतं आणि बोट शब्दाखाली राहत नाही. अडखळलं तर मनात तीन आकडे मोजेपर्यंत थांबा, मगच सांगा. वाचनालयाची वर्गणी घ्यायची असेल तर १८९३ मध्ये स्थापन झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यातच आहे. एप्रिलमध्येच जाऊन चौकशी करून या. दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून उघडतात, एक बघून झाला की फोन बंद करून तेच काड्यांवर करायला लावलं तरच त्याचा उपयोग.

लोकल हे तर फुकटचं साहित्य. र ची चारही रूपं स्टेशनावर सापडतात: तुर्भे, क्रमांक, महाराष्ट्र, दुसऱ्या. ठाणे ते वाशी प्रवासात दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा या पाट्या मुलाला गाडी थांबायच्या आत वाचू द्या. वेळापत्रकावरून ८:४७ ला सुटलेली गाडी ९:१२ ला पोचली तर किती वेळ लागला, हे विचारलं की पुष्कळ मुलं ९१२ मधून ८४७ वजा करून ६५ सांगतात. नऊपर्यंत १३ मिनिटं, पुढची १२, एकूण २५, असं रेषेवर उड्या मारून करू द्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीचं उदाहरणही याच दिवसांत घालता येतं: १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी, सारखे वाटले तर प्रत्येक डब्यात २८ आणि ८ उरतात. या उरलेल्या आठांचं काय करायचं, हे मुलालाच ठरवू द्या.

घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर माळ, सुटे मणी आणि नाणी वरच्या कप्प्यातच ठेवा. पाण्यात फुगणारे रंगीत मणी आणि चुंबकाच्या बारीक गोळ्या कुठल्याही खोक्यात असतील तर ते खोकं घेऊच नका, गिळल्यावर दोन्हींमुळे आतड्याला गंभीर इजा होऊ शकते. बटणासारखा चपटा सेल असलेल्या खेळण्याचं झाकण स्क्रूने बंद होत असेल तरच ते घरी आणा. भिंग उन्हाच्या खिडकीत कधी सोडू नका, कागद पेटू शकतो.